दहावीनंतरचे व्यक्तिमत्त्व चाचणी शिबिर : अहवाल देखणा, भरवसा बेताचा

दहावीची परीक्षा आटोपली की यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी व्यक्तिमत्त्व चाचणीची शिबिरे भरू लागतात. मंगल कार्यालयाच्या दारावर ‘आपल्या पाल्याला खऱ्या अर्थाने ओळखा’ असा फलक लागतो, शाळांच्या व्हॉट्सअॅप गटांवर निरोप फिरतात आणि आजूबाजूच्या खेड्यांतले पालक सकाळच्या एसटीने मुलांना घेऊन येतात. यंदा अशा एका शिबिरात माझी मुलगी आणि मी ज्या शाळेत शिकवतो तिथली काही मुले बसली होती. शुल्क प्रत्येकी 1800 रुपये होते आणि बोटांच्या ठशांची तपासणी हवी असल्यास 2500 रुपये वेगळे. निंदणाला जाणाऱ्या बाईची जवळपास आठवड्याची मजुरी एका चाचणीत जाते, म्हणून त्या पैशांत नेमके काय पदरात पडते हे नीट तपासून लिहिणे मला आवश्यक वाटले. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण याच स्वरूपाची सेवा विकणारे अनेक जण आहेत आणि माझा आक्षेप त्या सर्वांच्या एका समान दाव्याला आहे. प्रश्नावलीच्या उत्तरांवरून मूल मुळात कोण आहे हे कळते, असा तो दावा आहे.

व्यवस्थेबद्दल तक्रार करण्यासारखे फारसे काही नाही. शिबिर ठरल्या वेळी सुरू झाले, पिण्याच्या पाण्याची आणि कूलरची सोय होती, कर्मचारी नम्र होते आणि शंका विचारणाऱ्या पालकांना त्यांनी टाळले नाही. अहवाल चार दिवसांत हाती आला. शिवाय ज्या घरांत वडील आणि मुलगी यांनी पुढच्या शिक्षणाबद्दल कधी निवांत बोललेले नसते, त्या घरांतली माणसे समुपदेशकासमोर शेजारी शेजारी बसली आणि मुलीला काय आवडते हे वडिलांनी तिच्या तोंडून ऐकले. या शिबिरातील मला सर्वाधिक मोलाची वाटलेली गोष्ट हीच आहे. प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला मात्र जेमतेम दहा मिनिटे येतात, आणि त्यातली निम्मी अहवालाची रंगीत पाने उलटण्यात जातात.

आता मूळ चाचणीकडे वळतो. प्रश्नावली सोळा प्रकारांच्या धर्तीची आहे. माणूस अंतर्मुख की बहिर्मुख, प्रत्यक्ष तपशिलाकडे पाहणारा की अंतःप्रेरणेने चालणारा, विचारप्रधान की भावनाप्रधान, आखीव पद्धतीने वागणारा की वेळेनुसार बदलणारा, अशा चार जोड्यांतून प्रत्येकी एक बाजू निवडली जाते आणि त्यांच्या संयोगातून सोळा प्रकार तयार होतात. या कल्पनेचे मूळ स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी 1921 साली मांडलेल्या विचारांत आहे. त्या विचारांना प्रश्नावलीचे रूप दिले ते कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इसाबेल ब्रिग्ज मायर्स या अमेरिकेतील मायलेकींनी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. त्यांची कळकळ खरी होती आणि कष्टही प्रचंड होते. परंतु चाचणीची कसोटी निर्मात्याच्या कळकळीवर ठरत नाही, तीच चाचणी पुन्हा घेतल्यावर काय येते यावर ठरते. या बाबतीत सोळा प्रकारांची पद्धत कमजोर आहे. पाच आठवड्यांनी फेरचाचणी घेतली असता निम्म्याच्या आसपास लोकांचा प्रकार बदललेला आढळतो, असे अभ्यासांतून वारंवार दिसले आहे.

असे का होते हे माझ्या मुलीच्या अहवालातच दिसते. तिसऱ्या पानावर तिचे गुण छापले आहेत : अंतर्मुखता 52 टक्के, बहिर्मुखता 48 टक्के. मुखपृष्ठावर मात्र ठळक अक्षरांत तिला अंतर्मुख ठरवले आहे आणि पुढची सगळी पाने त्या ठरावाच्या आधारे लिहिली आहेत. तिच्याच वर्गातील एका मुलाची टक्केवारी जवळपास उलट, म्हणजे बहिर्मुखता 51 आणि अंतर्मुखता 49, अशी आहे. उरलेल्या तीन जोड्यांत दोघांचे कल सारखे आहेत. असे असूनही तिला संशोधन, ग्रंथालय आणि लेखापरीक्षण ही क्षेत्रे सुचवली गेली, तर त्याला विक्री, वकिली आणि राजकारण. गावातील सगळ्या माणसांची उंची मोजून मधोमध एक रेघ ओढावी आणि रेघेच्या बोटभर वरच्यांना उंच, बोटभर खालच्यांना बुटके म्हणावे, तसा हा हिशेब आहे. बहुसंख्य माणसे कोणत्याही स्वभावगुणाच्या बाबतीत मध्याच्या आसपासच असतात. त्यामुळे एखाद्या दिवशी दोन प्रश्नांची उत्तरे जरा वेगळी दिली गेली तरी माणूस रेघ ओलांडतो आणि कागदावर त्याचे व्यक्तिमत्त्व पालटते. टक्केवारी छापून संस्थेने एक प्रामाणिक गोष्ट केली आहे, एवढे नमूद केले पाहिजे. फक्त तिचा अर्थ कोणत्याही पालकाला समजावून सांगितला गेला नाही.

तरीही शिबिरातून बाहेर पडणारे बहुतेक पालक समाधानी होते. ‘आमच्या पोराचं अगदी बरोबर सांगितलं,’ हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकले आणि त्यांच्या म्हणण्यात खोटेपणा नव्हता. मात्र या समाधानाचे एक जुने स्पष्टीकरण उपलब्ध आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी 1948 साली आपल्या 39 विद्यार्थ्यांना एक व्यक्तिमत्त्व चाचणी दिली आणि काही दिवसांनी प्रत्येकाला त्याचे म्हणून एक वर्णन दिले. ते वर्णन कितपत जुळते याला पाचपैकी गुण द्यायला सांगितल्यावर सरासरी 4.26 इतकी आली. प्रत्यक्षात सगळ्यांना एकच मजकूर दिला होता आणि तो एका भविष्याच्या पुस्तकातून उचललेला होता. आमच्या मुलांच्या अहवालात ‘तुम्ही वरवर शांत दिसत असलात तरी मनात अनेक विचार चालू असतात’ आणि ‘तुमच्यातील क्षमतांचा पूर्ण वापर अजून झालेला नाही’ अशी वाक्ये आहेत. दहावी झालेल्या कोणत्या मुलाला ही लागू पडणार नाहीत? मी एका मुलाचा अहवाल, नाव झाकून, दुसऱ्या मुलाच्या आईला वाचून दाखवला. तिने तो आपल्याच मुलाचा समजून मान डोलावली. अहवाल जुळतो असे वाटणे हा त्याच्या खरेपणाचा पुरावा होऊ शकत नाही, हे पालकांपर्यंत पोहोचणे अतिशय गरजेचे आहे.

प्रश्नांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आमच्या भागातील मुलांची खरी अडचण तिथे आहे. ‘अनोळखी लोकांशी तुम्ही सहज बोलता का?’ असा एक प्रश्न होता. माझ्या शाळेतील एक मुलगी त्यावर बराच वेळ थांबली. तिच्या घरी भाजीपाला होतो आणि दर आठवडी बाजारात ती आईबरोबर दुकान लावते. गिऱ्हाईकाने भाव पाडून मागितला तर त्याला ठणकावणारी, सुट्या पैशांवरून वाद घालणारी, दुपारनंतर उरलेली मेथी ओरडून ओरडून विकणारी ही मुलगी वर्गात मात्र मान वर करून उत्तर देत नाही. तिने मला विचारले, ‘सर, कुठं बोलतो ते लिहू? बाजारात का शाळेत?’ उत्तरपत्रिकेत त्यासाठी जागा नव्हती. तिने शेवटी ‘नाही’वर खूण केली, कारण ती शाळेच्या मुलांबरोबर बसली होती आणि तिथे तिला स्वतःचे तेच रूप दिसत होते. अहवालात ती संकोची, एकांतप्रिय आणि लोकसंपर्काच्या कामांना अयोग्य ठरली.

मानसशास्त्रात हा प्रश्न कोणाला सुचलाच नाही, असे नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी 1968 साली नेमका हाच मुद्दा मांडून व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासकांत मोठा वाद उभा केला होता. चाचणीतील स्वभावगुण आणि एखाद्या विशिष्ट प्रसंगातील प्रत्यक्ष वर्तन यांचा सहसंबंध (दोन गोष्टींचा मेळ मुळीच नसेल तर 0, पूर्ण असेल तर 1) क्वचितच 0.3 च्या वर जातो, म्हणजे माणूस कुठे आहे, कोणासमोर आहे आणि त्याला काय साधायचे आहे याचा विचार न करता त्याच्या वागण्याबद्दल फार काही सांगता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढील संशोधनाने त्याला उत्तरही दिले. अनेक प्रसंगांतील वर्तनाची सरासरी काढली तर स्वभावाचा कल बराच स्पष्ट दिसतो, हे ते उत्तर होय. दोन्ही बाजू मान्य केल्या तरी आमच्या बाजारातल्या मुलीचा प्रश्न शिल्लक राहतोच, कारण तिच्या बाबतीत सरासरी कोणी काढलीच नाही. तिच्या आयुष्याचा एक कोपरा पाहून निकाल दिला गेला.

इतर प्रश्नही याच जातीचे होते. सुट्टीत तुम्ही प्रवासाचे नियोजन आधी करता की ऐनवेळी ठरवता, मित्रांच्या पार्टीत तुम्ही केंद्रस्थानी असता का, तुमची खोली नीटनेटकी असते का. ज्या मुलांची सुट्टी कापूस वेचण्यात किंवा सोयाबीनच्या सोंगणीत जाते आणि ज्यांच्या घरात पाच माणसांना मिळून एकच खोली आहे, त्यांनी यांची उत्तरे अंदाजाने दिली. काहींनी शेजाऱ्याच्या कागदात पाहून दिली. बऱ्याच मुलांनी तर प्रत्येक विधानाला ‘होय’ म्हटले, कारण मोठ्यांनी विचारलेल्या गोष्टीला नाही म्हणायचे नसते, हे त्यांच्या अंगी मुरलेले आहे. बोलिव्हियातील त्सिमाने या शेती, शिकार आणि मासेमारीवर जगणाऱ्या समाजात संशोधकांनी व्यक्तिमत्त्वाची प्रश्नावली वापरली, तेव्हा पाश्चात्त्य देशांत ठामपणे आढळणारी पाच गुणांची रचना (तिच्याविषयी पुढे लिहितो) तिथे स्पष्टपणे सापडली नाही, असे 2013 साली प्रसिद्ध झाले. विदर्भातील गावे म्हणजे बोलिव्हियाचे अरण्य नव्हे, आमची मुले शाळेत जातात आणि मोबाइलही वापरतात. परंतु शहरातील, शिकलेल्या, स्वतंत्र खोलीत वाढलेल्या माणसांवर बेतलेली चाचणी कुठल्याही गावात तपासल्याशिवाय वापरू नये, एवढा धडा त्यातून घ्यायलाच हवा. आपली प्रश्नावली ग्रामीण मराठी मुलांवर तपासली आहे का, असे मी शिबिराच्या संचालकांना विचारले. ‘ती आंतरराष्ट्रीय दर्जाची आहे’, असे उत्तर मिळाले.

वयाचा मुद्दा वेगळाच आहे आणि माझ्या मते तो सगळ्यांत भारी आहे. ब्रेंट रॉबर्ट्स आणि वेंडी डेलव्हेकिओ यांनी 2000 साली 152 दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून पाहिले. सुमारे पावणेसात वर्षांच्या अंतराने तोच गुण पुन्हा मोजला असता सहसंबंध बालपणात 0.31, महाविद्यालयीन वयात 0.54, तिशीत 0.64 आणि पन्नाशी ते सत्तरीच्या दरम्यान 0.74 असा चढत जातो, असे त्यांना आढळले. याचा साधा अर्थ असा की स्वभाव हळूहळू घट्ट होत जातो आणि पंधरा-सोळाव्या वर्षी तो अजून बराच ओला असतो. ज्या वयात चाचणीचा निकाल फारसा टिकाऊ नसतो, नेमके त्याच वयात आपण त्यावरून विज्ञान, वाणिज्य की कला हे ठरवू पाहतो.

याचा अर्थ व्यक्तिमत्त्व मोजताच येत नाही असा कोणी काढू नये, आणि मी तसा काढत नाही. पाच गुणांची जी पद्धत आज विद्यापीठीय संशोधनात प्रामुख्याने वापरली जाते, ती सोळा प्रकारांपेक्षा पुष्कळ भक्कम आहे. तिची सुरुवात भाषेतून झाली. माणसाच्या स्वभावातील महत्त्वाचे फरक लोकांच्या रोजच्या बोलण्यात शब्द होऊन उतरलेलेच असणार, या विचाराने गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ओडबर्ट यांनी 1936 साली इंग्रजी शब्दकोशातून जवळपास 18,000 शब्द वेचले. पुढे अनेकांनी ते गाळत, गटांत बांधत नेले आणि अनुभवांविषयीचा खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि भावनिक अस्थिरता ही पाच परिमाणे शिल्लक राहिली. या पद्धतीत माणसाला खणात टाकले जात नाही. प्रत्येक परिमाणावर तो कमी-अधिक कुठे आहे एवढेच सांगितले जाते. प्रौढांमध्ये हे गुण वर्षानुवर्षे बऱ्यापैकी टिकतात, जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत त्यांतील सुमारे 40 ते 50 टक्के फरक आनुवंशिक असल्याचे दिसते, आणि कर्तव्यदक्षतेचा कामाच्या दर्जाशी जवळपास सर्व व्यवसायांत काही ना काही संबंध आढळतो. मरे बॅरिक आणि मायकेल माउंट यांनी 1991 साली हा सहसंबंध 0.2 च्या आसपास असल्याचे दाखवले. हा आकडा हजारो माणसांच्या बाबतीत अर्थपूर्ण आहे. एका मुलाचे पुढे काय होईल हे सांगण्यासाठी तो फार लहान आहे. शिवाय इथेही शेवटी माणूस स्वतःबद्दल जे सांगतो तेच मोजले जाते. अशा प्रश्नावल्या इंटरनेटवर विनाशुल्क उपलब्ध आहेत. लुइस गोल्डबर्ग यांच्या पुढाकाराने तयार झालेला प्रश्नसंग्रह तर कोणालाही परवानगीशिवाय वापरता येतो. इंग्रजी येणाऱ्या मोठ्या मुलांनी कुतूहल म्हणून तो भरून पाहायला हरकत नाही, आणि त्यासाठी 1800 रुपये लागत नाहीत.

बोटांच्या ठशांच्या तपासणीवर मी थोडक्यात लिहितो, कारण तिथे चर्चेला जागाच नाही. बोटांवरच्या रेषा गर्भावस्थेत तयार होतात आणि मेंदूही त्याच काळात घडतो, म्हणून रेषांवरून बुद्धिमत्तेचे प्रकार कळतात, असा या तपासणीचा युक्तिवाद आहे. हॉवर्ड गार्डनर यांनी 1983 साली मांडलेल्या बहुविध बुद्धिमत्तेच्या सिद्धान्ताचे नाव तिला जोडले जाते. त्या सिद्धान्ताशी बोटांच्या ठशांचा काहीही संबंध नाही. या तपासणीला शास्त्रीय आधार नसल्याचे इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने स्पष्ट केलेले आहे. आमच्याकडे तर कापूस वेचून आणि डवरा धरून बोटे झिजलेल्या माणसांचा अंगठा रास्त भाव दुकानाच्या यंत्रावरही कित्येकदा उमटत नाही. अशा हातांच्या मुलांकडून 2500 रुपये घेऊन त्यांची बुद्धी सांगणे अन्यायाचे आहे, आणि संस्थेने हा प्रकार ताबडतोब बंद करावा असे मी त्यांना लेखी कळवले आहे.

तुलनेसाठी आपल्याकडचेच एक उदाहरण देतो. राज्य शासनाने 2016 पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेतली. ती शाळेतच होत असे, पालकांच्या खिशाला तिची झळ नव्हती आणि मूल मुळात कोण आहे असा प्रश्न तिने कधी विचारला नाही. कृषी, कला, वाणिज्य, आरोग्य, तंत्रज्ञान, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकी कशात मुलाला रस वाटतो, यावर तिचा मुख्य भर होता. तिच्याही उणिवा होत्या. ज्या मुलाने प्रयोगशाळा नीट पाहिलेलीच नाही त्याला तिच्यात रस कसा वाटणार, हा प्रश्न तेव्हाही आम्हा शिक्षकांना पडत असे. तरीही आवडीबद्दल विचारणे हे स्वभावाचा निवाडा करण्यापेक्षा अधिक नम्र आणि पुढच्या निर्णयाला अधिक उपयोगी आहे, असे माझे मत आहे.

या सगळ्याची किंमत कागदावर राहत नाही, म्हणून मी इतके लिहीत आहे. बाजारात दुकान लावणाऱ्या त्या मुलीला परिचर्या अभ्यासक्रमाला जायचे होते. अहवाल वाचल्यावर तिचे वडील मला म्हणाले, ‘तिले लोकांत वावरणं जमत नाही म्हणते कागदात, मंग कायले पैसे घालू?’ हा माणूस स्वतःच्या मुलीला दर आठवड्याला गिऱ्हाईक सांभाळताना पाहतो. तरी छापील कागदापुढे त्याला आपल्या डोळ्यांचा भरवसा वाटेना. मी त्यांना अहवालाचे तिसरे पान उघडून टक्केवारी दाखवली, प्रश्न कोणते होते ते सांगितले आणि बाजारातल्या तिच्या वागण्याबद्दल तिथे एकही ओळ नाही, हेही दाखवले. त्यांनी अर्ज भरायला होकार दिला आहे. ज्या घरांत शिक्षकाची ओळख नाही, तिथे ही पाने कोण उलगडून सांगणार, याची मला काळजी वाटते. सोळा प्रकारांची मूळ चाचणी चालवणाऱ्या संस्थाही तिचा उपयोग निवड किंवा भरती करण्यासाठी करू नये आणि मिळालेला प्रकार माणसाने स्वतः पडताळून मगच स्वीकारावा, असे सांगतात. हे वाक्य आमच्या शिबिराच्या अहवालात कुठेही नाही.

ज्यांचे पैसे भरून झाले आहेत त्या पालकांना माझी विनंती आहे की मुखपृष्ठावरचे प्रकाराचे नाव बाजूला ठेवावे आणि टक्केवारीचे पान पाहावे. 40 ते 60 च्या दरम्यान असलेल्या कोणत्याही आकड्यावरून निर्णय घेऊ नये. ज्या बाबतीत आकडा खूप वर किंवा खूप खाली आहे, तिथे मुलाला एखादा प्रसंग सांगायला लावावा आणि आपण घरात, शेतात, शाळेत वेगवेगळे वागतो का हे त्याला विचारावे. ज्यांनी अजून पैसे भरलेले नाहीत, त्यांनी तेवढ्याच रकमेत मुलाला यवतमाळला किंवा अमरावतीला नेऊन एक शासकीय तंत्रनिकेतन, एक कृषी महाविद्यालय आणि एक परिचर्या महाविद्यालय दाखवून आणावे, तिथे शिकणाऱ्या आपल्या भागातील मुलांशी बोलू द्यावे. बसभाडे आणि जेवण धरूनही पैसे उरतील. संस्थेने पुढील वर्षी ठशांची तपासणी वगळली, प्रश्न आमच्या मुलांच्या जगण्यातले घेतले आणि दहा मिनिटांचा संवाद अर्ध्या तासाचा केला, तर मी माझ्या विद्यार्थ्यांना तिथे जायला सांगेन. सध्याच्या स्वरूपात पाचपैकी दोन तारे देतो, आणि तेही त्या संवादासाठी.